साडेपाच वार

व्यापाऱ्याच्या खतावणीत, एकशे बाराव्या पानावर
टाचणीनं टोचलेला हा तुकडा,
माझ्या तळहाताएवढा.
रंग नाही. रंगवायला पैसे पडतात.
टाचणीभोवती गंजाची टिकली.

माझं काम एवढंच : धूळ काढायची,
गंज थांबवायचा, लेबल लावायचं.
भिंगाखाली धरला की पीळ दिसतो,
कुठे जाड, कुठे केसासारखा, घाईतला.
उजेड संपत आल्यावर कातलेलं सूत.

लोरी, ही तुझी बोटं असतील का?
बापाची आजी, तिची आजी, तिच्याही मागे कुठेतरी तू,
मेरियोनिथच्या डोंगरात दीड खोली,
एक माग, खोकणारा नवरा.
वाराला काय मिळायचं ते पुढच्या पानावर आहे.
पाव महागला की पुरत नसणार.
तू गरीब होतीस.
हे मी वहीत तीनदा लिहून ठेवलंय.

आमच्या घरी तुझी एकच गोष्ट सांगतात.
चॅपेलमध्ये बाहेरगावचा उपदेशक आला,
म्हणाला, साखरेच्या खड्याखड्यात माणसाचं रक्त आहे.
तू घरी आलीस आणि पुडी चुलीत उलटी केलीस.
रात्रभर करपलेल्या गोडाचा वास,
पोरं रडली, बोटं चाटत झोपली.
पुढे बत्तीस वर्षं बिनसाखरेचा चहा.
आम्ही अजून तसाच पितो.
नाताळात पाहुण्यांना सांगतो, जरा मान ताठ करून.

त्या रात्रीही माग चालला होता.
धोटा इकडून तिकडे,
तिकडून इकडे.
गठ्ठा श्रूजबरीच्या बाजाराला, तिथून बंदरावर, तिथून जहाजात.
गठ्ठ्याला तोंड नसतं.
तू विचारलं नव्हतंस, कुठे जातं हे एवढं जाडंभरडं?
की कुणी सांगितलं होतं,
आणि तू हात थांबवून
खिडकीतून मेंढ्यांकडे पाहिलं होतंस थोडा वेळ?
खतावणीत त्याचा रकाना नाही.

चॅपेलच्या वर्गणीत मात्र तू आहेस. दोन शिलिंग.
स्लेटचं छप्पर अजून गळत नाही.

दुसरी वही जमैकाच्या मळ्यावरची,
कडा वाळवीनं खाल्लेल्या.
तांब्याची कढई, एक, फुटली.
खेचरं, दोन, मेली.
जुबा, उसाच्या दुसऱ्या टोळीतली, साडेपाच वार.
सुई, एक.
म्हणजे शिवायचंही तिनंच.

त्या उन्हात लोकर.
काखेत, मानेवर,
पाठीवरचे वळ अजून ओले असतील तिथे.

हातमोजे काढायचे नाहीत असा इथला नियम आहे.
मी उजवा काढला,
तुकड्याची कड मनगटावर घासून पाहिली.
चावते.

सूत तुटू नये म्हणून तू बोट जिभेला लावायचीस.
सगळ्याच लावतात, मीही लावते सुई ओवताना.
ती थुंकी पिळात वळली गेली, वाळली,
समुद्र ओलांडून गेली
आणि घामानं पुन्हा ओली झाली
एका बाईच्या खांद्यावर.
तिनं तुझं नाव कधी ऐकलं नाही.
तिचं तुला कळलं असतं तर
तू प्रार्थनेत घेतलं असतंस,
नक्की घेतलं असतंस, लोरी,
रविवारी.

लेबलवर जागा तीन ओळींची.
लोकर. हातकताई. हातमाग. बिनरंगी.
वापर :
इथे मी सकाळपासून पेन्सिल टेकवून बसले आहे.

चार वाजता मॅरेडनं कप आणून ठेवला,
वहीपासून लांब, नियमाप्रमाणे.
नवीन आहे ती, तिला ठाऊक नाही.
साखर? म्हणाली.
एरवी मी लगेच नाही म्हणते.